आधी चमचा, मग काकडी

आमच्या सरांच्या कापडी पिशवीत बारा महिने एक काकडी असायची. ती खाण्यासाठी नसे. म्हणजे शेवटी सर ती खातच, पण आधी तिच्याकडून काम करून घेत. पिशवीत आणखी एक स्टीलचा चमचा, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा चकचकीत कागद, पॉलिश पेपरचा तुकडा, मीटर आणि मिठाची पुडी. मीठ कशाला, हे मला पहिलं वर्षभर कळलं नव्हतं. मी आपला समजत होतो, मिठाचा आणि विजेचा काहीतरी गहन संबंध असणार. पुढं कळलं, ते काकडीला लावायला होतं.

सरांनी मला नांदेडला आयटीआयला शिकवलं. मी नायगावकडचा, शेतातून उठून आलेला. माझा हजेरी नंबर सतरा. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत, नंबरानं मारत. आणि एकदा दिलेला नंबर परत घेत नसत. मी पास झालो, नोकरीला लागलो, टक्कल पडलं, तरी सतराच राहिलो. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर सर स्टेजवर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सतरा, सुखी राहा." दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या नवरीनं मला पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या आधीचे सोळा कोण?"

आहेर म्हणून त्यांनी गुलाबी कागदात गुंडाळून एक सेन्सर दिला. बोटाएवढी पितळी नळी, शेपटाला वायर. धातू जवळ आला की पेटतो, दूर गेला की विझतो. हिनं तो तुपाच्या डब्याखाली बसवून घेतला. ओट्यावरून डबा उचलला की पुढच्या खोलीतला लाल दिवा विझतो. लग्नाला चोवीस वर्षं होत आली, मी चोरून तूप खाल्लेलं नाही. दोनदा खाल्लं, पण तेव्हा लाईट गेलेली होती.

सरांच्या सवयी सांगायच्या तर मशीनला हात लावताना त्यांचा दुसरा हात कायम खिशात. "दोन हात वंदनेला," ते म्हणत, "मशीनला एकच." दोन हातांनी मशीन धरलं तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जातो, हे त्यातलं कारण. पण सवय अशी जडली होती, की ते जेवायलासुद्धा डावा हात खिशात घालून बसत. पायात रबरी चप्पल, लग्नकार्याला तीच, दवाखान्यात तीच. आणि बिघडलेल्या मशीनपाशी गेले की आधी मशीनची विचारपूस नाही, माणसांची. इथं कोण उभं राहतं, कधी येतं, काय हातात असतं. मालक लोकांना वाटे, म्हातारा टाइमपास करून राहिला.

काकडीचं काम असं. धातू ओळखणारं कुठलंही यंत्र त्यांच्याकडं आलं, की आधी ते त्याच्यापुढं चमचा धरत. यंत्रानं ओरडलं पाहिजे. मग हातात काकडी धरून ती पुढं करत. यंत्रानं गप्प बसलं पाहिजे. काकडीला ओरडलं तर ते यंत्र खोटारडं.

"पण सर, काकडी कामून? बोटच धरायचं की," मी एकदा विचारलं.

"मशीनमध्ये बोट घालायचं न्हाई, सतरा. काकडी म्हणजे बोटच हाय. पाण्यानं भरलेलं, रक्त वजा. बेल्टमध्ये अडकली तर कोशिंबीर होईल. बोटाचं तसं न्हाई."

ही गोष्ट आमच्या घरी मी इतक्यांदा सांगितली आहे, की मुलगी आता काकडी चिरताना मलाच विचारते, "बाबा, हिची परीक्षा झाली का?" पण खरं सांगायचं ते पुढं आहे, आणि ते सांगताना मी नेहमी थोडा कमी शूर दिसतो. त्याला इलाज नाही.

आधी, धातू ओळखतात कसा ते. सरांनी मला ते झोक्यावर शिकवलं.

"पंचमीला झोका बघितला का, सतरा?"

"हाव सर."

"कॉईलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, करंट तसाच झोके घेऊन राहिला. सेकंदाला हजारो झोके. आता धातू जवळ आला. त्याच्या अंगात करंटचे बारीक बारीक भोवरे उठतात. भोवऱ्यांना ताकद लागती, ती येती कुठून? झोक्यातून. म्हणजे झोक्यावरच्या पोरीचा कुणीतरी पदर धरला. झोका मंद पडला. सर्किट म्हणतं, धातू आला."

"आणि हात आला तर?"

"हातात भोवरे नावाला उठतात. पण हात दुसरंच काम करतो. झोक्याची दोरी लांबवतो. लांब दोरीचा झोका सावकाश चालतो का न्हाई? पदर कुणी धरलेला न्हाई, तरी झोका बदलला. हलक्या सर्किटला एवढंच कळतं, की काहीतरी बदललं. ते म्हणतं, धातू आला. खोटं बोलतं बिचारं, पण मनापासून बोलतं."

यावर उपाय म्हणून कॉईलभोवती चांदीच्या कागदाचा पडदा गुंडाळायचा आणि पडद्याची वायर जमिनीला जोडायची. हाताची जी काही खोडी असेल ती पडद्यावर अडते आणि वायरीतून जमिनीत जाते. धातूची ओढ मात्र पडद्यातून आरपार जाते. फक्त पडदा पूर्ण गोल करायचा नाही. दोन बोटं फट ठेवायची.

आता माझा स्वभाव सांगतो. मला फट दिसली की राहवत नाही. अर्धवट लागलेलं झाकण, उघडं कपाट, लोंबणारी दोरी, मी जाता-येता नीट करतो. एकदा सासऱ्यांच्या घरी बाथरूमची बाहेरची कडी उघडी दिसली म्हणून लावली. सासरे आत होते. त्यामुळं सरांनी मला पडदा गुंडाळायला दिला तेव्हा मी ती फट छान बुजवली, वरून चिकटपट्टी लावली आणि नेऊन दाखवली. सरांनी चमचा धरला. यंत्र गप्प. डब्याचं झाकण धरलं. गप्प. शेवटी हातभर लांब पान्हा धरला. गप्प.

"काकडीला तर अजिबात ओरडत नाही सर," मी आशेनं म्हणालो.

"मेलेलं माणूस बी ओरडत न्हाई," सर म्हणाले. "तू पडद्याचं कडं केलं, सतरा. आता हे कडंच पदर धरून बसलंय. बाहेरून कुणी येऊन काय धरणार? लई नीटनेटका हायस तू. याच्यानं एक दिवस कुणाला तरी त्रास होणार हाय."

हे ते सहज बोलले होते. भविष्य वगैरे सांगणारे नव्हते ते.

पुढं मी लातूरला एका दालमिलमध्ये लागलो. मशीनं चालू ठेवणं, हे माझं काम. तूर येते, भरडली जाते, पाण्यातेलाचा हात फिरून चकाकते आणि शेवटी एका लांब बेल्टवरून पुढं सरकते. बेल्टच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या राहून खडे, काळे दाणे वेचतात. बेल्टच्या टोकाला एक चौकट. डाळ त्या चौकटीतून जाते. डाळीत खिळा, स्क्रू, तारेचा तुकडा काही असेल, तर चौकट ओळखते आणि पुढची झडप ठाप करून उघडते. तेवढी डाळ खाली लाल डब्यात पडते. चौकटीच्या आतली कॉईल एकदा जळाली. नवी यायला महिने लागणार होते. मी सरांना बोलावलं. सर तोवर रिटायर झाले होते. लाल गाडीनं आले, चार दिवस मिलच्या मागच्या खोलीत राहिले, सागवानाची चौकट करून घेतली, कॉईल गुंडाळली, पडदा लावला, फट ठेवली. पडद्याची वायर बेल्टच्या लोखंडी पायाला बोल्टनं आवळली. तो पाय जमिनीला जोडलेला. चमचा टाकला, ठाप. काकडी फिरवली, शांत. मग पुडी काढून मीठ लावलं आणि खाल्ली.

"हा गडी काकडीला भुलत न्हाई आता," जाताना म्हणाले. "पण त्याची वायर जपा. वायर गेली की पडदा नुसता कागद."

मी जपली. जपण्याच्या नादातच सगळं झालं.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीनांची पूजा असते. आधी आठवडाभर झाडलोट, मग रंग. त्या वर्षी मी मालकांकडून खास परवानगी काढून बेल्टला पोपटी रंग द्यायचं ठरवलं. रंगाऱ्याला मध्ये लुडबुड नको म्हणून ती वायर मी स्वतः सोडवली. त्यानं पाय रंगवला, बोल्टचं छिद्रसुद्धा आतून रंगवलं, दोन हात दिले. वाळल्यावर मी वायर परत लावली. नवा बोल्ट, नवा वॉशर, वायर अशी सरळ रेषेत. मीटर लावून बघायचं असतं, हे मी दर वर्षी नव्या पोरांना ओरडून सांगतो. मी लावलं नाही. बोल्ट इतका देखणा बसला होता, की त्याच्यावर संशय घेणं मला बरं वाटलं नाही. झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू वाहिलं, फोटो काढला.

दसऱ्यानंतर मिल सुरू झाली आणि झडप ठापठाप वाजायला लागली.

लाल डबा उपसून बघितला, नुसती डाळ. धातूचा कणही नाही. तासाभरानं लक्षात आलं, की सत्यभामाबाई चौकटीपाशी वाकल्या की झडप वाजते.

सत्यभामाबाई म्हणजे बेल्टवरच्या सगळ्यात जुन्या. बारा वर्षं त्यांची जागा शेवटची, चौकटीला लागून. कारण इतरांच्या नजरेतून सुटलेला खडा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. बोलायला फटकळ. नवरात्राआधी त्यांनी सगळ्या बायकांच्या वतीनं मालकांच्या खोलीत जाऊन बसायला स्टुलं मागितली होती. "आठ घंटे उभं राहून पायाचे खांब झाले," म्हणाल्या होत्या. मालक म्हणाले होते, बघू. त्या म्हणाल्या होत्या, "बघायला बी बसावं लागतं." ते मालकांना लागलं होतं.

आता मी काय केलं ते ऐका. मी प्रयोग केला. सत्यभामाबाईंच्या जागी दुसऱ्या बाईला उभं केलं. झडप गप्प. तिसरीला उभं केलं. गप्प. सत्यभामाबाईंना परत आणलं. ठाप. असं तीनदा केलं, कागदावर लिहून काढलं आणि मालकांपुढं ठेवलं. आयटीआयमधून शिकून आल्याचं सार्थक झालं, असं मला त्या क्षणी वाटलं, हे कबूल करतो.

"म्हणजे अंगावर काहीतरी लपवून आणून राहिली," मालक म्हणाले. "स्टुलाचा राग मशीनवर."

गेटवरच्या बाईंनी त्यांना आत नेऊन तपासलं. एक पिन निघाली. ती काढून ठेवली, तरी ठाप. मग सत्यभामाबाई सरळ माझ्या टेबलापाशी आल्या. सगळ्या बायका बघत होत्या. त्यांनी गळ्यातलं काढलं आणि माझ्या वहीवर ठेवलं.

"घ्या. आता अंगावर मणी बी न्हाई. चला, बघा."

त्या जाऊन चौकटीपाशी उभ्या राहिल्या. वाकल्या. ठाप.

त्या परत आल्या, गळ्यातलं उचललं आणि माझ्याकडं न बघता गेल्या. दुपारपर्यंत बायका त्यांच्या शेजारी डबा खायला बसेनात. एकीनं म्हटलं, बाईच्या अंगातच काहीतरी हाय. संध्याकाळी मालक मला म्हणाले, "शनिवारपर्यंत बघा. न्हाई समजलं तर तिला सोमवारपासून येऊ नका म्हणा. तुम्हीच सांगा, तुमचाच प्रयोग हाय."

मी सरांना फोन लावला. सर दसऱ्याला नागपूरला गेलेले, तिथून मुलीकडं. गुरुवारी नांदेडला पोचणार. मी सगळं सांगितलं, माझा प्रयोगही सांगितला, थोड्या अभिमानानं.

"तीन बाया उभ्या केल्या?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"त्यांच्यात काय काय फरक हाय, लिहून काढलं?"

"फरक म्हणजे... त्या वेगळ्या बायका आहेत सर."

"शुक्रवारी येतो," सर म्हणाले.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला आले. पिशवी, रबरी चप्पल, एक हात खिशात. मालकांनी चहा सांगितला, सरांनी नको म्हटलं. मशीनकडं बघितलंसुद्धा नाही. आधी सत्यभामाबाईंना विचारलं, "बाई, गाव कोणतं?"

"औशाकडलं."

"किती वर्षं हायेत इथं?"

"बारा. उद्यापर्यंत."

सर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून चमचा काढून बेल्टवर टाकला. ठाप. "चमचा बरोबर." मग काकडी काढली. स्वतः ती हातात धरून चौकटीजवळ नेली. झडप हलल्यासारखी झाली, वाजली नाही. सर थांबले. खाली बघितलं. आधी स्वतःच्या पायांकडं, मग सत्यभामाबाईंच्या.

"बाई, तुमची चप्पल कुठाय?"

"तिकडं, भिंतीपाशी."

"सगळ्यांच्या पायात हाय, तुमच्या न्हाई."

मिलनं सगळ्या बायकांना रबरी चपला दिलेल्या आहेत. सत्यभामाबाई जराशा अवघडल्या. "दाण्यापाशी चप्पल घालून कसं उभं राहायचं, साहेब? खळ्यात कुणी चप्पल घालतं का? मी बारा वर्षं अशीच हाय. कुणी इचारलं न्हाई म्हून सांगितलं न्हाई."

सरांनी मान हलवली. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मी त्यांना मशीनपाशी कधीच करताना बघितली नव्हती. चप्पल काढली. आमच्या बेल्टखालची फरशी कायम ओलसर असते, पाण्याचा हात शेजारीच फिरतो. सर त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले, काकडी हातात धरली आणि चौकटीजवळ नेली.

ठाप.

बेल्टवरच्या सगळ्या बायका थांबल्या.

"आता मला बी तपासा," सर गेटवरच्या बाईंना म्हणाले.

मालक पुढं आले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "म्हणजे चपलेचं कारण हाय तर. मग संपलं की. बाई, उद्यापासून चप्पल घालत जा. कशाला उगं एवढा..."

"थांबा," सर म्हणाले. "बाई बारा वर्षं अनवाणी उभी हाय. हे मशीन मी बसवून तीन वर्षं झाली. तीन वर्षं गप्प होतं, दसऱ्यापासून बोलून राहिलं. पाय तेच हायेत. मशीनचं काहीतरी बदललं." मग बायकांना कळेल अशा आवाजात म्हणाले, "ओल्या जमिनीवर अनवाणी माणूस उभं राहिलं, की ते जमिनीला पक्कं जोडलं जातं. त्याच्या हातानं कॉईलचा झोका जास्ती बदलतो. चपलेनं थोडं कमी होतं, म्हून बाकीच्या काठावर वाचल्या. पण पडदा ठीक असता, तर अनवाणी काय, पाण्यात उभं राहिलं तरी याला कळायला नको. पडदा उघडा पडला हाय."

ते खाली बसले. डावा हात खिशात. मीटरचं एक टोक वायरीला, दुसरं लोखंडी पायाला एका जुन्या ओरखड्यावर. मीटर गप्प. वायर आणि पाय यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

"वायर तर लावलेली आहे सर," मी म्हणालो.

सरांनी बोल्ट सोडवला. खाली पोपटी रंग, गुळगुळीत, कुठं ओरखडा नाही. छिद्रात पोपटी रंग. माझा देखणा बोल्ट रंगाच्या गादीवर बसला होता, लोखंडाला तो शिवलाच नव्हता. सरांनी पॉलिश पेपर काढला आणि घासायला लागले. रुपयाएवढं लोखंड उघडं केलं, दोन्ही अंगांनी. छिद्र आतून घासलं. बोल्ट आवळला. मीटर वाजला.

"बाई, या. चप्पल घालू नका."

सत्यभामाबाई आल्या. त्याच ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या. वाकल्या. चौकटीला हात लावला. नंतर दोन्ही हात लावले. नंतर कपाळ टेकवल्यासारखं जवळ नेलं. शांत. बेल्टचा आवाज तेवढा येत होता.

"रंग कुणी दिला?" मालकांनी विचारलं.

सर पिशवी आवरत होते. चमचा पुसला, ठेवला. मीटरची वायर गुंडाळली. मिठाची पुडी काढली. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. एवढा वेळ एक माणूस पिशवी आवरायला लावत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

"रंगाऱ्यानं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. रंग रंगाऱ्यानंच दिला होता. सरांनी काकडी मोडली, अर्धी मालकांपुढं धरली. मालकांनी घेतली नाही. मग त्यांनी ती सत्यभामाबाईंना दिली, मिठासकट.

निघताना सरांनी मालकांना एका कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. पहिली वायरीची. दुसरी अशी: "बेल्टवरच्या बायका उभ्यानं वाकतात, चौकटीजवळ हालचाल फार होते. बसलेल्या बऱ्या. स्टुलं लाकडी असावीत, लोखंडी चालणार नाहीत." मालकांनी कागद दोनदा वाचला. तांत्रिक गोष्ट होती, तिच्यापुढं त्यांचं काही चालत नव्हतं. पंधरा दिवसांत स्टुलं आली.

मी सरांना मोटरसायकलवर बसस्टँडला सोडायला गेलो. रस्त्यात विचारलं, "सर, बसलेल्या बायकांचं ते खरं आहे का?"

"थोडं," सर म्हणाले.

नांदेडची गाडी लागली होती. सरांनी पायरीवर एक पाय ठेवला आणि वळले. माझी तयारी होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"सतरा, त्या बाई सकाळी किती वाजता येतात?"

"आठला, सर."

"मग तू पावणेआठला जा," म्हणाले आणि चढले.

मी पावणेआठला गेलो. घरून निघताना हिला सांगितलं, काय करायला चाललोय ते. ही म्हणाली, "फोनवर सांगितलं असतं तर?" मग माझ्याकडं बघून स्वतःच म्हणाली, "न्हाई. जा." गेटवर बायका जमायला लागल्या. मालकांचीही गाडी आली, ते मला नको होतं, पण आली. सत्यभामाबाई आल्या, पिशवी खांद्याला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, की वायर मी सोडवली होती, मी लावली होती, रंगावर लावली आणि तपासली नाही. तुमच्या अंगावर काही नव्हतं. प्रयोगही माझाच चुकला. मला माफ करा.

तयार करून नेलेलं भाषण यापेक्षा बरं होतं. त्यात एक-दोन चांगली वाक्यं होती. ती आलीच नाहीत.

मालक घसा साफ करून म्हणाले, "आमचं बी जरा... बोलण्यात आलं."

सत्यभामाबाईंनी दोघांकडं बघितलं. बारा वर्षांच्या फटकळ बाईकडून मी काहीही ऐकायला तयार होतो.

"रंग मातर झाक दिला होता, साहेब," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. भिंतीपाशी चप्पल काढून ठेवली.

सर जाऊन आता दोन वर्षं झाली. आम्ही काही जुने विद्यार्थी नांदेडला घरी भेटायला गेलो, तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ती कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "तुमच्यातला सतरा कोण?" त्यांनी आधी विचारलं. "त्यालाच द्या म्हणले होते." आत सरांची कामांची वही होती. प्रत्येक कामापुढं बिघाड आणि त्याचं कारण लिहिलेलं. आमच्या मिलच्या पानावर कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "रंग." एवढंच. त्याखाली नंतर वेगळ्या शाईनं, बहुधा मी फोन करून सांगितल्यावर: "सतरा पावणेआठला गेला."

खंडेनवमीची पूजा आमच्याकडं अजून होते. रंगही दिला जातो, पण त्या पायावर रुपयाएवढी जागा कोरी सोडतात. नवीन आलेली माणसं विचारतात, इथं रंग का नाही. बायका त्या जागेला हळदीकुंकूही लावत नाहीत. पूजेच्या ताटात नारळाशेजारी एक काकडी असते. आमचे पूजा सांगणारे गुरुजी पहिल्या वर्षी बिचकले होते, आता तिच्यावरही अक्षता टाकतात.

यंदा पूजा झाल्यावर मी बेल्ट सुरू केला. परीक्षा घेण्याचा मान सत्यभामाबाईंचा असतो. त्यांनी आधी वाकून ती कोरी जागा बघितली, वायर ओढून बघितली, मी लावलेला मीटर वाजला तो कान देऊन ऐकला. मी लावलं म्हणजे लागलं, असं त्या मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग अनवाणी फरशीवर उभं राहून दोन्ही हात चौकटीला लावले. शांत. काकडी नेली. शांत. चमचा आणायला कुणीतरी माझ्या टेबलाकडं पळालं, तर सत्यभामाबाई म्हणाल्या, राहू द्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, तिच्यातून एक नाणं काढलं आणि बेल्टवर ठेवलं. आम्ही सगळे त्या नाण्याकडं बघत राहिलो. ते डाळीशिवाय एकटंच सरकत चौकटीत गेलं.

ठाप.

सत्यभामाबाई सगळ्यांकडं वळल्या, माझ्याकडं जरा जास्त वेळ.

"हाय," त्या म्हणाल्या. "या टायमाला हाय."

बायका हसल्या. मी काकडीला मीठ आणायला गेलो.